साडेतीन वेढ्यांची चकली

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळाली ती बारा दिवसांनंतरची. बारा दिवस म्हणजे काही फार नव्हेत, पण ज्याच्या जिवाला घोर लागलेला असतो त्याला विचारा. चंपा पहिल्या दोन दिवसांतच मनातल्या मनात अंथरुणाला खिळली, चमच्याने भरवून घेऊ लागली आणि सगळ्यांचा निरोप घेऊन मोकळीही झाली.

झालं होतं एवढंच, की दिवाळीपासून तिचे हात थरथरत होते. कपबशी उचलली की वाजायची. तिच्या मावशीला कंपवात होता, शेवटी शेवटी मावशीच्या हातात घास राहत नसे, आणि ते चंपाने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यात लेक कल्याणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. बाळाला पायांवर आडवं घ्यायचं, तेल चोळायचं, कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, हे सगळं चंपाने मनात शंभरदा करून पाहिलं होतं. तेलाने बुळबुळीत झालेलं वितीएवढं लेकरू आणि हे असे हात! तिला दुसरं काही नको होतं. तेवढी अंघोळ आपल्या हातून व्हावी, बस.

तिचा नवरा रतन खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी विभागात होता. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून दोघं धायरीच्या फ्लॅटमध्ये आली, पण तपासणी काही सुटली नाही. भाजीवाल्याच्या भेंड्यांपासून जिन्यातल्या दिव्यापर्यंत सगळ्याला तो पास किंवा रिजेक्ट करत असे. सकाळचा चहाही तोच करायचा, आणि अलीकडे चंपाचा कप अर्धाच भरायचा. संपला की पुन्हा अर्धा.

"पेन्शनला कात्री लागलीय का? असा काय ओतता?" चंपा म्हणायची.

"गार होतो गं," तो म्हणायचा.

तर डॉक्टरांची तारीख ठरली आणि रतनने लगेच कारखान्यातल्या जुन्या मित्राला, बद्रीनाथला, फोन लावला. बद्रीनाथची बायको याच डॉक्टरांकडे जाऊन आली होती.

"पेपर फुटला!" फोन ठेवून रतन म्हणाला. "कागदावर गोल काढायला लावतात. मधून सुरू करायचं आणि वेढे देत देत बाहेर यायचं, हात न उचलता. चकली असते ना, तशी."

"चकली?" चंपा उठून बसली. "अहो, मग आधी नाही का सांगायचं!"

आता डॉक्टरांकडे आजार दाखवायला जायचं असतं, पास व्हायला नव्हे, हे या दोघांना कोणी सांगायचं? तपासणीला माल जायच्या आधी घरीच तपासून घ्यायचा, हा रतनचा चौतीस वर्षांचा धर्म. दुसऱ्याच दिवशी भाजणी दळून आली, सोऱ्या निघाला, आणि ऐन एप्रिलच्या उकाड्यात रोज सकाळी चकल्या सुरू झाल्या. चंपा पाडायची, रतन वर्तमानपत्रावर वाकून निकाल द्यायचा.

"पास. पास. हिचा तिसरा वेढा हललाय, रिजेक्ट." आणि रिजेक्ट झालेली चकली तो तिथेच खाऊन टाकायचा.

शेजारच्या यमुनाबाई दारात आल्या. "चंपाताई, यंदा दिवाळी चैत्रातच उरकताय वाटतं?" असं म्हणून ताटलीभर चकल्या घेऊनच परतल्या.

गंमत अशी, की सराव वाढला तशी थरथरही वाढली. चौथ्या दिवशी शंभरात दहा रिजेक्ट होत्या, आठव्या दिवशी तीस. चंपाने तळणाचा धूर डोळ्यांत गेल्याचं निमित्त करून डोळे पुसले. धूर तसा खराच होता. क्वार्टरच्या स्वयंपाकघराला मागचं दार होतं, इथे एक हातभर खिडकी. इथे आल्यापासून तळण काढलं की तिला ठसका लागायचा, आणि ठसका लागला की ती खोकल्याच्या बाटलीतलं एक झाकण घशात ओतायची. बाटली रतनच कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणून द्यायचा.

बाराव्या दिवशी रतनने फाइल काखेत मारली, डबाभर पास चकल्या नमुना म्हणून पिशवीत टाकल्या, आणि दोघं दवाखान्यात जाऊन बसली. आपलं नाव पुकारूच नये असं चंपाला वाटत होतं, आणि लवकर पुकारून एकदाचं काय ते सांगून टाकावं असंही वाटत होतं.

डॉक्टर श्रद्धा देवधर कल्याणीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी चंपाला चालायला लावलं, अंगठ्यावर बोट भराभर टेकवायला लावलं, हात मांडीवर सैल सोडायला लावले. मग कागद पुढे केला.

"मधून बाहेर गोल काढा. हात टेकवायचा नाही."

"तीन वेढे की साडेतीन?" चंपाने विचारलं.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपल्याला सोयीचे असतील तेवढे."

चंपाने साडेतीन वेढे काढले. रेघ जरा हलली. पण शेवटी सवयीने तिने पेनाचं टोक आत वळवून शेवटच्या वेढ्याला दाबून चिकटवलं, तेलात सुटू नये म्हणून.

"हे शेपूट का चिकटवलंत?" डॉक्टर म्हणाल्या. "दहा वर्षं असे गोल काढून घेतेय मी. पण कोणी चिकटवलं नव्हतं. औषधं कुठली चालू आहेत?"

"एकही नाही," रतन अभिमानाने म्हणाला आणि फाइल उघडली.

तेवढ्यात चंपाला ठसका लागला. तिने पिशवीतून बाटली काढली, झाकण भरलं, प्यायली, आणि बाटली पुन्हा पिशवीत ठेवली.

"हे काय घेतलंत?"

"हे? हे काही नाही. खोकल्याचं आहे."

डॉक्टरांनी बाटली मागून घेतली आणि वरची बारीक अक्षरं वाचली. "दिवसातून किती वेळा?"

"एरवी तीन-चारदा. तळण असलं की सात-आठदा," रतनने अचूक आकडा दिला.

"आणि तळण कधी असतं?"

"गेले दहा दिवस रोज."

"का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तुमच्यासाठी," चंपा म्हणाली.

सगळी हकिकत ऐकून डॉक्टर हसल्या ते थांबेचनात. मग डोळे पुसून म्हणाल्या, "काकू, या औषधाने छाती मोकळी होते, पण जास्त घेतलं की हात थरथरतात. कंपवाताची थरथर हात मांडीवर निवांत असतानाही होते. तुमचे हात मघाशी मांडीवर अगदी शांत होते. मला कंपवात दिसत नाही. बाटली बंद, चकल्या बंद. थायरॉइड तपासून घ्या, खोकला छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि पंधरा दिवसांनी या. नमुना ठेवून जा."

चंपाला रडू फुटलं, आणि रडता रडता तिला हसूही आवरेना. रतनचं तोंड मात्र एवढंसं झालं होतं. "चौतीस वर्षं तपासणी केली," तो रिक्षात पुटपुटला, "आणि बाटली मीच आणत होतो."

पंधरा दिवसांनी थायरॉइडही ठीक निघालं आणि कागदावरचे साडेतीन वेढे नीट उमटले. दुसऱ्या सकाळी रतनने चहा पुढे ठेवला. कप काठोकाठ भरलेला होता. चंपाने तो उचलला, एक थेंब सांडला नाही. मग ती एकदम थांबली.

"अहो, म्हणजे तुम्ही इतके दिवस अर्धा... माझ्या हातून सांडू नये म्हणून?"

"तू मला सांगायच्या आधी महिनाभर दिसत होतं," रतन खिडकीबाहेर बघत म्हणाला. "तपासणीवाला आहे मी."

चंपाचा ऊर भरून आला. चाळीस वर्षांच्या संसारात तिला हा माणूस इतका आवडला नव्हता, आणि तसं तिने त्याला सांगूनही टाकलं. तो लाजून साखरेचा डबा पुसू लागला.

मेअखेर कल्याणीला मुलगी झाली. घरी आणल्यावर चंपा न्हाणीघरात पाय पसरून बसली, नात पायांवर घेतली आणि तेल चोळू लागली. हात स्थिर होते. पाणी घालायला रतन तांब्या घेऊन वाकला, त्या इवल्या पाठीकडे बघितलं, आणि त्याच्या हातातला तांब्या लटपटायला लागला. पाणी फरशीवर सांडलं.

"रिजेक्ट," चंपा म्हणाली. "अर्धाच भरून आणा."