उजव्या हाताचा घास

आमच्या गावात सार्वजनिक सुरक्षेची सगळ्यात जास्त काळजी माझ्या बाबांना. ते सरपंच आहेत, तेव्हा काळजीचं खातं त्यांच्याकडेच असणार. वाघानं गोठ्यातला बैल ओढून नेला की बाबा म्हणतात, जंगलातलं गाव आहे, चालायचंच. शाळेचं छप्पर पडलं तेव्हा म्हणाले, बरं झालं रविवार होता. पण यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी चांद्याहून घरी आले, तर बाबांचा चेहरा उतरलेला, जेवणावर लक्ष नाही, रात्रीची झोप नाही. आईला विचारलं, काय झालं? आई म्हणाली, "गावाची सुरक्षा धोक्यात आहे म्हणतात."

धोका म्हणजे एवढाच, की आमचा लटारूदादा तुरुंगात जायची शक्यता होती.

लटारूदादा म्हणजे माझा चुलतभाऊ. अंगानं धिप्पाड, डोक्यानं तसा हलकाच. आश्विनात धान भरायला आलं की आमच्याकडे तलावाचं पाणी नंबरानं सोडतात. ज्याचा नंबर, त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी. त्या दिवशी नंबर धुरपताकाकूंचा होता. त्यांना नवरा नाही, मूल नाही, तलावाखाली दोन बांध्या धान तेवढं आहे. दादानं तलावाच्या मोरीतून सुटलेलं पाणी आपल्या शेताकडे वळवलं. काकू मोरीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि हटेनात. थोड्या वेळानं काकूंचं उजवं मनगट मोडलेलं होतं. दादाचं म्हणणं, बाई चिखलात घसरून पडली. काकूंच्या हातावर काठीएवढा रुंद, सरळ, निळा वळ होता. चिखलाला काठीचा आकार असतो, ही माहिती मला आमच्या भूगोलाच्या पुस्तकात कुठे सापडली नाही.

मोडका हात पदरात बांधून काकू पोंभुर्ण्याच्या चौकीपर्यंत पायी गेल्या आणि फिर्याद देऊन आल्या.

आता असे मामले कसे मिटतात ते गावाला तोंडपाठ होतं. पंच बसायचे, चहा व्हायचा, मग "आपसात मिटलं" असा निरोप जमादाराकडे जायचा. पंच खूश, जमादार खूश, मारणारा तर फारच खूश. मार खाणाऱ्याला, तू खूश आहेस का, असं विचारायचं तेवढं राहून जायचं. माणसांना कामं असतात.

पण चांद्याच्या कोर्टात नवा सरकारी वकील आला होता. त्यानं पंचांचा निरोप परत पाठवला. वर सांगितलं, ज्याला मार लागला त्यानं स्वतः कोर्टात यावं, मिटवायला राजी आहे की नाही ते आपल्या तोंडानं सांगावं, मग बघू. ही सुधारणा ऐकून आमची ग्रामपंचायत मुळापासून हादरली. लगेच चावडीवर सभा भरली. मी खिडकीबाहेर उभी राहून ऐकली, कारण आत बायकांना जागा नव्हती आणि बाहेर भरपूर होती.

बाबा बोलायला उभे राहिले. "बाईले पुसून न्याय करायचा, तर मंग पंच कायले पाहिजे? आज हे बाई कोर्टात जाईल, उद्या दुसरी जाईल. गावात कोणाले कोणाचा धाक राह्यणार नाई. गाव सुरक्षित कसं राह्यल?"

मन्सूरभाई म्हणजे किराणा दुकानवाले, तेही पंच. ते म्हणाले, "बराबर आहे गुणवंतराव. उद्या मही बकरी कोणी मारली, तर वकील बकरीले पुसन, का वो, तू राजी आहे का?"

सभा पोट धरून हसली. बकरी मेलेली असेल हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि काकू जिवंत आहेत हेही.

शेवटी बाबांनी हात वर करून निकाल दिला. "सरकारचा कायदा सरकारपाशी, गावचा कायदा गावापाशी. एकाचा दुसऱ्याशी काई संबंध नाई." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते पुन्हा म्हटलं, आणि मुखरू कोतवालाला सांगितलं, गावभर दवंडी दे. मुखरूनं संध्याकाळपर्यंत घसा बसेस्तोवर दिली. शेवटच्या गल्लीत तर पोरंच त्याच्यापुढे ओरडत होती, संबंध नाई, संबंध नाई.

गावचा कायदा म्हणजे दंडाचा भात. आमच्याकडे जुनी चाल आहे. ज्यानं गुन्हा केला त्यानं सगळ्या गावाला जेवण द्यायचं. पंगत बसली की पहिला घास ज्याचं नुकसान झालं त्यानं घ्यायचा, तोही आपल्या उजव्या हातानं, आणि तोवर दुसऱ्या कुणी पत्रावळीला हात लावायचा नाही. तो घास पोटात गेला की गुन्हा संपला. बाबांचा हिशेब सरळ होता. सोमवारी चांद्याला तारीख, शनिवारी भात. सगळ्या गावासमोर एकदा का भात खाल्ला, की मग ही बाई कोणत्या तोंडानं कोर्टात जाईल?

मी रात्री जेवताना बाबांना म्हटलं, "धुरपताकाकूंना विचारलं का पण?"

"जेवाले बलावून राह्यलो ना," बाबा म्हणाले. "आता अजून का पुसायचं? तू आपला अभ्यास कर."

"नागरिकशास्त्राचाच करते आहे," मी म्हटलं. आईनं मान खाली घातली, पण तिचे खांदे हलत होते.

शनिवारी दुपारी मारुतीच्या देवळापुढे सारं गाव पंगतीला बसलं. नव्या धानाचा भात, तुरीची दाट डाळ, वांग्याची भाजी. तो वास असा होता की आदल्या दिवशीचा उपास नसलेल्यालाही उपास केल्यासारखं वाटावं. पळसाच्या पत्रावळींवर वाढून झालं. पंगतीच्या टोकाला धुरपताकाकू, त्यांच्यासमोर पाटावर नवं लुगडं ठेवलेलं. समोरच लटारूदादा धोतर सावरत बसलेला, डोक्यावर फेटा. नवरदेव कुठला आणि गुन्हेगार कुठला, परक्याला कळलं नसतं.

"घ्या बाई, घास घ्या," मुखरू म्हणाला.

काकू म्हणाल्या, "हो, घेईन ना. मी कुठी नाई म्हणून राह्यली?" आणि शांत बसून राहिल्या.

सगळ्या पंगतीची नजर त्यांच्या हाताकडे. हळूहळू एकेकाचा चेहरा बदलायला लागला. काकूंचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत बांबूच्या कामट्यांत घट्ट बांधलेला होता.

"पण कोणत्या हातानं घेऊ गा, मुखरूभाऊ?" काकूंनी विचारलं.

पंचांनी दंड ठरवला, तांदूळ किती लागेल ते ठरवलं, दवंडी दिली, लुगड्याचा रंगसुद्धा ठरवला. मोडलेला हात कोणता, एवढं काही त्यांच्या कानावर आलं नव्हतं.

"डाव्यानं घ्या ना," मन्सूरभाई हळूच म्हणाले.

शकुबाई ताडकन बोलल्या. त्या गावात सगळ्यात म्हाताऱ्या, चालीरीतीत बाबासुद्धा त्यांना दबकतात. "डाव्या हातानं दंडाचा भात? मन्सूर, तुह्या घरी चालत असन तर सांग."

"आमच्या घरी बी नाई चालत, बाई," मन्सूरभाई ओशाळून म्हणाले.

"मंग दुसरं कोणी भरवते," बाबा म्हणाले.

"जो भरवन त्याचा घास. नुकसान त्याचं मिटन, धुरपताचं कसं मिटन?" शकुबाई म्हणाल्या.

"हात बरा झाल्यावर मंग..."

"तवर गाव इथीच बसन का, गुणवंता?" शकुबाईंनी विचारलं. पंगतीतून कुणीतरी म्हणालं, डाळीवर साय धरून राह्यली. बाबा सोमवारच्या तारखेचा विचार करत होते आणि गाव डाळीचा. दोन्ही निवत चालले होते.

शकुबाईंनी मग दादाकडे बोट केलं. "हात यानं नेला, तर हात यानंच द्यावा. लटारूच्या हातानं धुरपताले घास. त्याचा हात तो तिचाच हात. हे चालते."

पंचांचा जीव भांड्यात पडला. पण दादा फुगून बसला. "मी कायले भरवू? ते तर घसरून पडली."

काकूंनी लगेच मान डोलावली. "हो का? घसरून पडली असन, तर मंग याचा गुन्हा कायचा? अन् गुन्हा नाई, तर हे भात कायचं? उठा बापा सगळे. पत्रावळी सोडा, अन् जा आपापल्या घरी."

 मग सगळी पंगत दादाकडे वळली. आजवर ज्या गावानं काहीच पाहिलं नव्हतं, त्याला भुकेमुळे एकदम दिसायला लागलं.

"सांग बे लवकर. आमाले ठाऊक नाई का?"

"पोरं रडून राह्यले इकडे."

"लटाऱ्या, भात थंडा झाला तर तुह्याच घरी गरम कराले आणीन."

दादानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी आभाळाकडे पाहिलं. "मारली," दादा पुटपुटला.

"मले आयकू नाई आलं," शकुबाई म्हणाल्या. त्यांना खरंच कमी ऐकू येतं.

"म्या मारली काठी. झालं?"

"कुठी मारली?" काकूंनी विचारलं.

"उजव्या हातावर."

"काऊन?"

"पाणी तुह्या नंबराचं होतं, अन् तू मोरीवरून हटून नाई राह्यली."

"मी हात उगारला होता का तुह्यावर?"

"नाई."

चांद्याचा वकीलही इतकं मुद्देसूद विचारता ना. काकूंनी चारी बाजूंना बघून घेतलं, जणू वर्गाची हजेरी घेताहेत. मग तोंड उघडलं. दादानं डाळभाताचा घास कालवला आणि मान वाकवून त्यांना भरवला. त्यांनी तो अगदी सावकाश चावला. सगळं गाव त्यांच्या जबड्याकडे बघत होतं.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. आणि पंगत भातावर तुटून पडली.

बाबा इतके खूश झाले की त्यांनी स्वतः वांग्याची भाजी वाढायला घेतली. "मिटलं," प्रत्येक पत्रावळीपाशी ते म्हणायचे. "मिटलं बाप्पा, शांतीनं मिटलं."

काकू उठल्या. नवं लुगडं तिथंच पाटावर राहिलं. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "सोमवारी चांद्याले तारीख आहे मही. कोणाची बंडी जाऊन राह्यली का तिकडे?"

सगळ्यांचे हात भातात आणि भात तोंडाच्या वाटेत थांबला.

"आता कायची तारीख?" बाबा म्हणाले. "भात खाल्ला ना तुमी."

"गावचं मिटलं, सरपंचभाऊ. गावचा कायदा गावापाशी. सरकारचा सरकारपाशी. एकाचा दुसऱ्याशी काई संबंध नाई." काकूंनी मुखरूकडे पाहिलं. "दवंडी देल्ली होती ना गा?"

"देल्ली होती," मुखरू म्हणाला. त्याचा घसा अजून बसलेला होता. पंगतीतल्या पोरांनी ताबडतोब सुरू केलं, संबंध नाई, संबंध नाई. बाबांना स्वतःचं वाक्य पहिल्यांदाच आवडलं नाही.

बंडीचं मात्र कुणी बोलेना. गावात बंड्या चिक्कार, पण कुणाचा बैल लंगडत होता, कुणाचं चाक कुरकुरत होतं. एका माणसाची बंडी मामानं नेली होती, आणि तो मामा दोन पत्रावळी सोडून जेवत होता.

मी शाळेतल्या सवयीनं हात वर केला. "आमची बंडी जाणार आहे. माझी शाळा सुरू होते ना सोमवारी."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पुढची सुट्टी चांद्यालाच काढावी लागणार हे कळून चुकलं. तेवढ्यात आई डाळीचं भांडं घेऊन आली. तिनं पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "नाहीतरी पोरगी एकटी कशी जाईल? मधी सगळं जंगल आहे. धुरपताबाई संग असल्या म्हणजे बरं. सरपंचाच्या घरच्यांनीच सुरक्षेकडे नाई पाह्यलं, तर गाव का म्हणेल?"

 सुरक्षा तर बाबांचाच विषय.

रविवारी उजाडायच्या आत सरपंचांची बंडी, सरपंचांचे बैल, सरपंचांची मुलगी आणि सरपंचांच्या पुतण्यावरची फिर्याद असे आम्ही सगळे एकत्रच निघालो.  वाटेत काकू म्हणाल्या, "पोरी, तिथी पुसतील का खरंच मले?"

"त्यासाठीच तर बोलावलं आहे," मी म्हटलं.

"बलावतात बापा," काकू म्हणाल्या. "पुसत नाईत."

सोमवारी मी शाळेत गेलेच नाही, साक्षीला जावं लागलं. दादा कबूल झाला तेव्हा ऐकणारं अख्खं गाव होतं, पण चांद्यापर्यंत माझेच कान पोचले होते. कोर्टाच्या व्हरांड्यात तासन्‌तास बसल्यावर आमचं नाव पुकारलं. सरकारी वकील बारीकसे, चष्मा लावलेले, त्यांना सर्दी झालेली. मला वाटलं होतं कुणी मोठा भारदस्त माणूस असेल, ज्याच्या धाकानं सगळी ग्रामपंचायत जागी राहते.

त्यांनी नाक पुसलं आणि काकूंना विचारलं, "बाई, हे प्रकरण मिटवायला तुम्ही राजी आहात का? कुणी सांगितलं म्हणून नको. तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा."

काकूंनी मागं वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला विचारलं का म्हणून. मला वाटलं, घाबरल्या. वकिलांनी पुन्हा विचारलं, आवाज आणखी खाली आणून. काकूंनी आपला बांधलेला हात दुसऱ्या हातानं उचलून समोरच्या कठड्यावर ठेवला, मग माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे.

"राजी नाई," त्या म्हणाल्या. "अन् म्हणणं बरंच आहे, साहेब. बसाले काई भेटन का?"