औषध थांबवलं त्या दिवशी

चष्मेवाला हॉस्पिटलात आला तो स्वतःच्या पायांनी, आणि दुपार टळायच्या आत त्याच्या घशात व्हेंटिलेटरची नळी होती. त्याचं दुकान हॉस्पिटलच्या फाटकासमोरच. अतिदक्षता विभागातल्या निम्म्या नाकांवर त्यानेच बसवलेले चष्मे. त्यामुळे आपलाच माणूस आडवा पडल्यासारखे सगळे हवालदिल झाले.

विभागाच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडापुढे धरला. दोन्ही फुफ्फुसं पांढरीफटक. नाकातल्या नमुन्यात फ्लूचा विषाणू सापडला. आता प्रश्न एवढाच होता की त्याच्या पाठोपाठ जिवाणूही आत घुसलेत का. विषाणूवर अँटिबायोटिकची मात्रा चालत नाही, जिवाणूंवर चालते. खबरदारी म्हणून बाईंनी ते पहिल्याच तासाला सुरू केलं आणि सूज व जिवाणूंचा संसर्ग दाखवणाऱ्या चाचण्यांसाठी रक्त खाली लॅबमध्ये पाठवलं.

लॅबमध्ये नाना होते. पस्तीस वर्षं रक्तच बघत आलेला माणूस. त्यांचा फोन आला.

"बाई, सीआरपी एकशे चाळीस. पण ते मेलं फ्लूनेही चढतं, त्याच्यावर काय विसंबायचं! प्रोकॅल्सिटोनिन मात्र एकाच्या पाव भागसुद्धा नाही. जिवाणू असते तर एव्हाना तेही उसळलं असतं."

"नक्की?"

"नक्की काहीच नसतं, बाई. नसण्याकडे कल आहे, एवढं म्हणतो."

तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं. प्रोकॅल्सिटोनिनचा आकडा तेवढाच. रक्तातून आणि छातीतल्या कफातून काहीच उगवलं नव्हतं. बाईंनी अँटिबायोटिक बंद केलं आणि ते सांगायला स्वतः बाहेर आल्या.

चष्मेवाल्याची बायको बाकावर ताठ बसली होती. दुकानात काचा घासायचं काम तिचं; बोटांच्या टोकांना बारीक चिरा पडलेल्या.

"औषध कमी केलंत?" तिने विचारलं. "माणूस असा पडलाय आणि तुम्ही औषध काढून घेता?"

"ताई, ज्या जंतूंवर ते चालतं ते दिसत नाहीत. उगाच दिलं तर पोट बिघडतं, मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि पुढे खरंच लागलं तर दाद न देणारे जंतू उरतात."

"नसले तर नसले. दिल्याने काय बिघडलं असतं, ते मला कळत नाही. पण तुम्ही जाणत्या." शेवटचे तीन शब्द तिने असे उच्चारले की बाईंना ते दिवसभर सलत राहिले.

सहाव्या दिवशी सकाळी ताप भडकला. नळीतून येणारा कफ घट्ट, पिवळा झाला. बाईंनी पुन्हा नमुने घेतले आणि निकालाची वाट न पाहता जास्त ताकदीची औषधं लावली. तासाभराने नाना जिने चढून स्वतः वर आले. फोनवर सांगायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"प्रोकॅल्सिटोनिन सहाच्या वर गेलंय. मशीनचा दोष असेल म्हणून दोनदा लावलं."

विभागातला धाकटा डॉक्टर चाचरत म्हणाला, "मॅडम, आजार वाढला एवढंच सांगू या. औषधाचा विषय आत्ता नको."

"तिने विचारलं तर?"

"विचारलं तर बघू."

"नाही. तिने विचारायच्या आधी मीच सांगणार."

बाकावर त्या तिच्या शेजारी बसल्या. "ताई, आता जिवाणूंचाही न्यूमोनिया झालाय असं दिसतंय. अँटिबायोटिक मी थांबवलं होतं. तो निर्णय माझा होता."

"थांबवलं नसतं तर?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे खरंच माहीत नाही. कदाचित हे टळलं असतं, कदाचित नसतं."

तिने तोंड फिरवलं. पुढचे दोन दिवस ती परिचारिकांशी बोलली, सफाईवाल्या मावशींशी बोलली. बाई आल्या की पदर सावरून खिडकीपाशी जाऊन उभी राहायची. रागवायचा तिचा हक्क बाईंनी मानला. घरी मात्र त्यांचं ताट तसंच राहिलं. नवऱ्याने कारण विचारलं तर म्हणाल्या, "एका माणसाच्या बाबतीत मी चुकले असेन," आणि ताटावरून उठल्या.

आठव्या दिवशी कफाचा अहवाल आला. जिवाणू उगवला होता, आणि थांबवलेल्या औषधाला तो मुळीच दाद देत नव्हता. ते चालू ठेवलं असतं तरी हा आलाच असता. नव्याने लावलेल्या औषधांपैकी एक त्याच्यावर बरोबर लागू पडत होतं.

"सुटलात, मॅडम!" धाकट्याचा चेहरा खुलला.

बाईंना तसं सुटल्यासारखं वाटेना. पण अहवाल घेऊन त्या खिडकीपाशी गेल्या आणि जे होतं ते सांगितलं. बायकोने कागद हातात घेतला, वाचल्यासारखा केला, परत दिला.

"परवा माझ्याशी बोललात तेव्हा हे ठाऊक नव्हतं ना तुम्हाला?"

"नव्हतं."

"तरी आपणहून सांगितलंत." "राग गेला नाहीये माझा, डॉक्टर. पण आता कुणावर काढायचा ते कळेनासं झालंय. बसा जरा."

बाई बसल्या.

आकडा उतरायला लागला. सहावरून तीन, तीनवरून एक. एकोणिसाव्या दिवशी नळी निघाली. आवाज पार बसलेला, दंड काठीसारखे झालेले. चार पावलं टाकली की धाप लागायची, आणि फुफ्फुसांना पडलेले वण आता कायमचे, हे बाईंनी दोघांनाही लपवून न ठेवता सांगितलं. चष्मेवाल्याने मान हलवली. बायकोने डोळे पुसले आणि त्याला पाण्याचा चमचा भरवला.

त्याच आठवड्यात फ्लूचीच एक शाळामास्तरीण दाखल झाली. तिसऱ्या दिवशी नानांचा फोन आला. आकडा पावच्या आत, कल्चरमध्ये काही उगवलं नाही. बाईंनी पेन उचललं, आणि ते बराच वेळ कागदावर टेकलंच नाही. मग त्यांनी अँटिबायोटिक बंद करण्याची सूचना लिहिली, उद्या सकाळी रक्त पुन्हा पाठवायचं असं खाली बजावलं, आणि मास्तरणीच्या भावाला भेटायला बाहेर गेल्या.