आधीच मागितलेली माफी

एल्विराने पिशवीतून तमालांचा डबा काढला आणि उपमुख्याध्यापकांच्या टेबलावर, त्यांच्या कागदांच्या अगदी शेजारी ठेवला. डबा अजून कोमट होता. मक्याच्या पिठात डुकराचं मटण भरून एकेक तमाल तिने मक्याच्याच पानात नीट बांधला होता. साहेबांना सोसणार नाही म्हणून लाल मिरचीही बेतानंच घातली होती.

"सरांना सांगा, घरचं आहे म्हणावं. मुलाबाळांना न्या."

ऑफिसातली कारकून मिरेया मध्ये बसली होती, इकडचं स्पॅनिश तिकडे नि तिकडचं इंग्रजी इकडे करायला. व्हिटलो सर थोडंसं हसले. डबा त्यांनी टेबलाच्या कडेला सरकवला आणि फाइल उघडली.

एल्विराच्या शेजारच्या खुर्चीत यारेली मान खाली घालून बसली होती. तिच्या कानामागे नाण्याएवढी जागा उघडी पडली होती. केस मुळासकट गेले होते. वर बघायचं नाही, उलट बोलायचं नाही, हे बसमध्येच आईने बजावलं होतं.

"माफी मागायची नि मोकळं व्हायचं."

"पण अमा, मी काही केलंच नाही ना!"

"म्हणून काय झालं? माफी मागायला काय पैसे पडतात?"

एल्विराच्या गावी, तिकडे सीमेपलीकडे गेरेरोच्या डोंगरात, असंच चालायचं. पोराबद्दल मास्तरांचा निरोप आला की बाप काखेत कोंबडी धरून शाळेत जायचा. चूक पोराची असो की नसो, आधी टोपी काढून माफी मागायचा. मग मास्तर हसायचे, पोराच्या डोक्यावर एक टपली मारायचे, की मिटलं. कुणाचं बरोबर होतं ते नंतर कुणी विचारतसुद्धा नसे. समोरच्याला मोठेपणा दिला की तो मोठ्या मनाने वागतो, एवढंच एल्विराला ठाऊक होतं. टेक्सासात कांद्याच्या वखारीत अकरा वर्षं गेली तरी त्यात काही फरक पडला नव्हता.

आणि आज तर मोठेपणा द्यायलाच हवा होता. यारेली शाळेच्या नर्सिंगच्या वर्गात दुसऱ्या वर्षाला होती. मे महिन्यात परीक्षा, त्याआधी इस्पितळातले तास भरायचे. तिचा डाळिंबी रंगाचा गणवेश एल्विरा स्वतः इस्त्री करून दाराआडच्या खिळ्याला लावायची आणि येताजाता उगीच त्यावरून हात फिरवायची. आता हे लोक तिला 'त्या' शाळेत पाठवतील की काय, याच धास्तीने आईचा जीव टांगणीला लागला होता. शिक्षा झालेल्या मुलांची ती शाळा गावाबाहेर, जुन्या फर्निचरच्या गोदामात होती. तिथे दारात अंगझडती घेत. नर्सिंगबिर्सिंग तिथे काही नव्हतं. एकदा तिकडे गेलं की तास बुडाले, आणि वर्गातली जागाही गेली.

व्हिटलो सरांनी कागदावरून वाचलं. मंगळवारी जेवणाच्या रांगेत ब्रिन नावाच्या मुलीशी झटापट. ब्रिन पडली, तिचा पुढचा दात तुटला. कॅमेऱ्यात नीट दिसत नाही.

"मला एकच विचारायचंय," ते यारेलीला म्हणाले. "तू तिला ढकललंस का?"

"नाही सर. तिने माझी वेणी धरली होती. म्हणाली, ही बघा म्हाताऱ्यांची घाण काढणारी. मी वेणी सोडवली, तेव्हा तिचा पाय घसरला."

एल्विराला इंग्रजी कळलं नाही, पण मुलीचा आवाज चढतोय हे कळलं. तिने टेबलाखालून यारेलीचा गुडघा दाबला आणि स्वतःच पुढे झाली.

"सर, चुकलं पोरीचं. तिला घरी चांगली झापलीय मी. पुन्हा असं करणार नाही. लेकरू आहे, पदरात घ्या. माफ करा आम्हाला."

मिरेया हळूच स्पॅनिशमध्ये म्हणाली, "बाई, हे असंच सांगू?"

"अहो, असंच सांगा. अगदी असंच."

"अमा, नको," यारेली म्हणाली.

"तू गप्प बस!"

मिरेयाने सांगितलं. व्हिटलो सरांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. एल्विराला हायसं वाटलं. ऐकलं, लिहूनसुद्धा घेतलं. आता हसतील, असं तिला वाटलं.

ते हसले नाहीत. त्यांनी कागद फिरवून तिच्यासमोर ठेवला.

"पंचेचाळीस दिवस," मिरेया खाली बघत म्हणाली. "त्या शाळेत. सोमवारपासून."

"का? मी माफी मागितली की!"

"चूक कबूल केलीत, असं लिहिलंय."

एल्विरा उठून उभी राहिली. "अहो, तिने नाही ढकललं! ते... ते म्हणायची रीत असते आमच्यात. मोठ्यांसमोर म्हणतात तसं. सांगा ना त्यांना! तिच्या डोक्यावर बघा म्हणावं, केस बघा!" तिने यारेलीची मान धरून कानामागची जागा सरांपुढे केली. यारेलीने मान वळू दिली.

सरांनी पाहिलं. ते थकल्यासारखे दिसत होते. त्यांच्या टेबलावर अशा आणखी सहा-सात फायली होत्या.

"आत्ताच तुम्ही म्हणालात, तिने केलं. आता म्हणता, नाही केलं. मी यातलं कुठलं धरू?"

सही फक्त कागद मिळाल्याची असते, असं मिरेया म्हणाली, म्हणून एल्विराने सही केली.

बाहेरच्या बोळात मिरेया मागून धावत आली. तिच्या हातात डबा होता, झाकणसुद्धा न उघडलेला.

"घेता येत नाही हो त्यांना. नियम आहे."

"त्या दुसऱ्या मुलीला किती दिवस?"

मिरेयाने आधी इकडेतिकडे पाहिलं. "तीन. घरी. तिचे वडील वकील घेऊन आले होते. वडिलांनी स्वतः तोंडच उघडलं नाही." मग ती चाचरत म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंत," एल्विरा म्हणाली. डबा तिने पोटाशी धरला.

सोमवारी ती यारेलीबरोबर गोदामाच्या शाळेपर्यंत गेली. पोरीच्या अंगात ठरवून दिलेला पांढरा टी-शर्ट होता. डाळिंबी गणवेश खिळ्यालाच होता. काढून ठेवायला एल्विराचा हात धजला नव्हता. वाटेत तिने दहादा सांगितलं, "आता कुणाची माफी मागायची नाही. चूक असेल तरच मागायची. ऐकतेस ना? मान वर ठेवायची."

यारेली प्रत्येक वेळी "हो अमा" म्हणाली.

कुंपणाच्या आत फक्त मुलांना सोडत होते. दारात पहारेकरी उभा होता, मिशीवाला, त्यांच्याच मुलखाकडचा, स्पॅनिश बोलणारा.

"बूट काढ पोरी. खिसे उलटे कर."

"माफ करा साहेब," यारेली म्हणाली.

"कशाबद्दल गं? अजून तर तू काही केलंच नाहीस!" तो हसला.

"माफ करा," ती पुन्हा म्हणाली आणि वाकून बुटाची नाडी सोडू लागली. तिची मान खालीच होती.

एल्विराने कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरली. "यारेली! वर बघ! मान वर कर, पोरी!"

यारेलीने वर पाहिलं नाही. बूट हातात घेऊन ती आत गेली.

पहारेकरी जाळीपाशी आला. "बाई, इथे थांबता येत नाही पालकांना."

"माफ करा साहेब," एल्विरा म्हणाली, आणि जाळी सोडून मागे सरकली.