तेशीतली ढोलबंदी

कोर्कोईचं गाणं लागोसच्या लग्नांत वाजत होतं, कुमासीच्या बसमध्ये वाजत होतं, लंडनमध्ये गोरी पोरं त्यावर कंबर हलवत होती. ऐकलं नव्हतं ते तिच्या बापाने. रेडिओवर लागलं की नी आशिते रेडिओ बंद करायचा. "ढोल ऐकू येतो. तू कुठे ऐकू येतेस?" एवढीच त्याची समीक्षा. गाणं आपल्या वारलेल्या आईवर आहे, हे सांगायची तिची हिंमत नव्हती. त्याने एकदा नीट ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. म्हणून तिने आपल्याच गावात, अक्राजवळच्या तेशीच्या किनाऱ्यावर फुकट कार्यक्रम ठेवला.

तारीख धरली तिच्या मॅनेजरने, क्वाबेनाने. तो दूरच्या कुमासीचा, इथल्या रिवाजांना परका. पेरणीनंतर इथल्या ‘गा’ जमातीचे देव शांतता मागतात आणि महिनाभर ढोल वाजत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. अक्रात बंदी उठल्याचं रेडिओने सांगितलं, तसा याने मंडप घातला. प्रत्येक गावची बंदी वेगळ्या दिवशी उठते, हे त्याच्या गावीही नव्हतं. कोर्कोईला माहीत असायला हवं होतं. पण परदेशात राहून आलेली बाई घरचं पंचांग विसरते.

संध्याकाळी किनारा भरला. ढोलावर पहिली थाप पडली आणि बंदीवर पहारा ठेवणारी, दंडाला लाल फडकं बांधलेली चार माणसं गर्दीतून पुढे आली. पुढे नी आशिते.

"उचला सगळं," तो म्हणाला.

"काका, बंदी उठली ना!" क्वाबेना ओरडला. "रेडिओवर सांगितलं!"

"अक्राची उठली. जा, अक्रात वाजव."

"अहो, तुमची मुलगी आहे ही!"

"ओळखतो मी तिला. ढोल कुणाचा आहे?"

स्पीकर जप्त झाले. कोर्कोई रडायच्या बेतात होती. "बाबा, एवढे लोक आलेत."

"येऊ देत. लोकांवर बंदी नाही."

"आणि गाण्यावर?"

नी आशितेला पळवाटा आवडत नसत. त्याने बराच विचार केला. "हळू म्हण. टाळ्या नकोत."

ती गायली. पहाटे केंकीचे, आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, गोळे उकडून विकणारी आई. रात्री "मला भूक नाही" म्हणत आपल्या ताटातलं माशाचं डोकं लेकीकडे सरकवणारी आई. वर्षभर याच गाण्यावर नाचलेल्या लोकांना त्यात आई आहे हे आज कळलं. कोळणींनी डोळे पुसले. नी आशिते ढोल कवटाळून उभा होता.

"खोटं लिहिलंयस," तो शेवटी म्हणाला.

"काय खोटं?"

"डोकं तिच्या ताटातलं नव्हतं. माझ्या ताटातलं उचलायची. मी दुसरीकडे बघायचो." त्याने लाल फडक्याने तोंड पुसलं. "बंदी मोडल्याचा दंड, एक बकरा." आणि तो ढोल घेऊन गेला.

तेशीची बंदी उठली. कार्यक्रम पुन्हा ठरला. नी आशितेने स्पीकर परत केले, वायरी नीट गुंडाळून. ढोल मात्र सापडत नव्हता. जन्मात नियम न मोडलेला माणूस म्हणाला, "गेला असेल कुठेतरी." कोर्कोईला तो त्याच्या खाटेखाली चटईने झाकलेला दिसला होता.

"दुसरा मागवू?" क्वाबेनाने विचारलं.

"नको."

त्या संध्याकाळी तिने ते गाणं ढोलाशिवायच म्हटलं, ओळ दुरुस्त करून. नी आशिते पहिल्या रांगेत बसला होता. ती ओळ आली, तेव्हा त्याने दुसरीकडे पाहिलं.