साहजिकच

अप्पांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, दुकान बंद झालं, पण खोड काही गेली नाही. आता ते घड्याळांऐवजी वर्तमानपत्रातले अग्रलेख उघडून बसत. म्हणजे वाचायची सून, आणि अप्पा खाटेवर डोळे मिटून कुठे काय सैल आहे ते शोधायचे.

दुपारची जेवणं आटोपली की हा खेळ सुरू व्हायचा. 'काही लोक म्हणतात' असं आलं, की कोण लोक, नावं सांग, असं अप्पा विचारत. विरोधकाच्या तोंडी भलतंच वाक्य घालून मग तेच खोडून काढणाऱ्या संपादकाचा तर ते यथेच्छ समाचार घेत. पण त्यांचा खरा दात होता 'साहजिकच' या शब्दावर. तो आला की खाटेच्या कडेवर टकटक व्हायची आणि सुनेला मागचं वाक्य पुन्हा वाचावं लागायचं. बहुतेक वेळा तिथे कारणाच्या जागी भोक सापडायचं, आणि त्या भोकावर हा शब्द सतरंजीसारखा अंथरलेला असायचा. सुनेला सुरुवातीला हा छळ वाटला. मग तिलाच चटक लागली. दुकानांवरच्या पाट्यासुद्धा ती संशयाने वाचू लागली.

एकच वाक्य अप्पा कधी तपासत नसत, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं. समोरच्या मास्तरांनी डोळ्यांचं ऑपरेशन केलं आणि ते वर्षाच्या आत गेले. साहजिकच, मी करणार नाही. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, की आणखी टाळलंत तर नंतर करूनही उपयोग नाही. मुलाने समजावलं, चिडून पाहिलं, अबोला धरला. अप्पा ढिम्म. सुनेला मात्र रागाआधी नवल वाटे. जगाचे तर्क चाळून घेणारा माणूस स्वतःचा खडा अख्खा गिळतो तरी कसा?

त्या दिवशी अग्रलेख रस्त्यांवर होता. सूर जराही न बदलता तिने मध्येच पदरची भर घातली. "शेजारच्या गावाने नदीवर पूल बांधला. त्याच वर्षी तिथले वयोवृद्ध नगराध्यक्ष वारले. साहजिकच, आपण पुलाच्या भानगडीत पडू नये."

टकटक झाली. अप्पा खुशीत उठून बसले.

"पूल काय अंगावर पडला त्यांच्या? माझ्या दुकानात एक घड्याळ वाजलं की मागोमाग दुसरं वाजायचं. म्हणून काय पहिल्यानं दुसऱ्याला वाजवलं? वय काय होतं त्यांचं?"

"नव्वदी गाठली होती," सून म्हणाली. "मास्तरांसारखीच."

अप्पांचा हात खाटेच्या कडेवर तसाच राहिला.

"हे पेपरात नाहीये," ते म्हणाले.

"नाहीये."

आता ते भडकणार, असं तिला वाटलं. पण ते शांतपणे म्हणाले, की मास्तरांच्या गोष्टीत दम नाही हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. तेवढं न कळायला ते काही खुळे नव्हते. मग अडलं कुठे, असं तिने विचारलं.

"मला दिसायला लागलं की तू कशाला बसशील इथे?"

सुनेला खोटं बोलायची सोय नव्हती, या माणसापुढे ते टिकलं नसतं. ऑपरेशन झालं की दुपारी जरा पाठ टेकता येईल, असं तिने मनातल्या मनात कधीच ठरवून टाकलं होतं. तिने ते तसंच सांगून टाकलं. अप्पांनी नुसती मान हलवली. यात त्यांना काहीच सैल सापडलं नाही. तिला स्वतःची लाज वाटली, आणि म्हाताऱ्याबद्दल माया दाटून आली.

तिने पेपरची घडी घालून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"तुम्हाला दिसायला लागलं की मी आडवी होणार," ती म्हणाली. "वाचायचं तुम्ही. मोठ्यानं. मी पडल्या पडल्या चुका काढीन."

अप्पा पेपर चाचपत राहिले. मोठ्याने वाचायची आपल्याला सवय नाही, शाळेतसुद्धा अडखळायचो, पोरं हसायची, असं बरंच काही ते पुटपुटले. मग त्यांनी विचारलं, डॉक्टरांची तारीख कधीची मिळेल.