'दे' म्हणायची जागा

फुटबॉल क्लबात त्याला सगळे भिंगरी म्हणायचे. नाव कौतुकाने पडलं होतं, आणि त्या कौतुकाचीच पुढे त्याला लाज वाटायला लागली.

वय एकोणीस. मधल्या फळीत खेळायचा. म्हणजे मागच्यांकडून बॉल घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा, एवढंच काम. ऐकायला पोस्टमनचं वाटतं, पण पोस्टमन पत्र उचलायला वाकला की मागून कुणी त्याच्या अंगावर धावून येत नाही.

पहिल्या दोन मॅच झकास गेल्या. तिसऱ्या मॅचमध्ये बचावाला खेळणाऱ्या अण्णाने मागून त्याला एक साधा, सरळ पास दिला. भिंगरीने बॉल पायाखाली घेतला आणि मान वर करून बघेपर्यंत समोरच्या टीमचा एकजण तो घेऊन पसारही झाला. गोल झाला. घरच्याच मैदानावर घरच्याच लोकांनी त्याची अशी हुर्यो उडवली की त्याची कानशिलं तापली. त्यानंतर मॅच संपेपर्यंत तो मनात एकच धावा करत होता, बॉल माझ्याकडे येऊ नये.

स्वयंपाक्याला विस्तवाची भीती वाटावी, तसलं हे प्रकरण. सांगणार कुणाला? मग त्याने एक युक्ती काढली. खरं तर त्याच्या पायांनीच ती परस्पर काढली. अण्णाकडे बॉल आला की भिंगरी धावत सुटायचा, हात वर करायचा, घसा फोडून "दे, दे" म्हणून ओरडायचा. उभा मात्र राहायचा तो समोरच्या टीमच्या कुणातरी आडदांड गड्याच्या बरोब्बर पाठीमागे. तिथे बॉल पोचणं शक्यच नसायचं. जरासा बाजूला सरकला असता तर मोकळा मिळाला असता. तेवढंच तो सरकायचा नाही.

स्टँडमधून हे कळत नाही. तिथून दिसतो तो घामाने निथळलेला, हात उंचावून बॉल मागणारा पोरगा. लोक खूश झाले. पेपरवाल्याने लिहिलं, 'या मुलाच्या पायाला भिंगरी लागली आहे.' बारसं तिथे झालं.

आणि अण्णा? अण्णा टीममधला सगळ्यात जुना डिफेंडर. एका गुडघ्याला कायमची पट्टी. भिंगरी नवा आला तेव्हा त्याला आपल्या शेजारची खुंटी देणारा अण्णा, ओल्या बुटांत पेपरचे बोळे कसे कोंबायचे ते दाखवणारा अण्णा, बाहेरगावी खोलीत खिडकीजवळची खाट त्याला देऊन स्वतः दाराशी झोपणारा अण्णा. या अण्णाच्या पायात बॉल यायचा तेव्हा त्याला समोर भिंगरी दिसायचाच नाही, नुसता हात दिसायचा. तोवर दोघेतिघे अंगावर यायचे. नाइलाजाने तो बॉल लांब भिरकावून द्यायचा, आणि तो बहुतेक वेळा समोरच्यांनाच मिळायचा. हळूहळू लोक अण्णाची हुर्यो उडवायला लागले. भिंगरीच्या वाट्याची हुर्यो अण्णा खात होता, आणि हे त्या अख्ख्या मैदानावर दोघांनाच ठाऊक होतं.

एकदा बूट काढता काढता अण्णा म्हणाला, "अरे, जरा बाजूला निघत जा. तू दिसत नाहीस मला."

"हो, अण्णा."

पुढच्या मॅचला परत तेच. त्याच्याकडे बघत अण्णाने एक क्षण जास्त वाट पाहिली, बॉल गेला, गोल झाला, टीम हरली.

दोन दिवसांनी कोचने सगळ्यांना बसवून मॅचचं शूटिंग दाखवलं. त्या गोलापाशी चित्र थांबवलं. पडद्यावर अण्णा बॉल घेऊन उभा, समोर विरोधी टीमची एक रुंद पाठ, आणि तिच्या खांद्यावरून वर आलेला एक हात.

"हा हात बघा," कोच म्हणाला. "पोरगा जीव तोडून मागतोय. आणि तू कुणाची वाट बघतोयस? गुडघा गेला म्हणून चालवून घेतलं, आता डोळेही गेले का?"

एकदोघे हसले. भिंगरीने पडद्याकडे पाहिलं. इतकं उघड दिसत होतं! तो हात नव्हता, पुरावा होता, आणि कोच तो काठीने दाखवत होता. 'सर, मी लपलो होतो,' एवढंच म्हणायचं होतं. अण्णाने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, पास द्यायच्या आधी बघायचा तसं. भिंगरीने खाली वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

"माझं चुकलं, सर," अण्णा म्हणाला.

त्यानंतर अण्णा बेंचवर गेला. सीझन संपत आला होता, अण्णाचा करारही त्याच्याबरोबरच संपत होता, आणि बेंचवर बसलेल्या, पट्टी बांधलेल्या डिफेंडरला पुढच्या वर्षी कोण ठेवून घेतं? भिंगरीला हे कळत होतं. कळत होतं म्हणून तर तो हल्ली अण्णाच्या आधी अंघोळ उरकून निघून जायचा.

मध्ये दोन दिवसांच्या सुट्टीला तो घरी गेला. वडिलांचं केस कापायचं दुकान होतं. आरशाच्या कोपऱ्यात तो पेपरचा तुकडा चिकटवलेला, आणि दाढीला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो वाचल्याशिवाय सुटका नाही. वडिलांनी लेकाला खुर्चीत बसवलं, गळ्याशी कापड बांधलं आणि कात्रीबरोबर तोंडही चालू केलं.

"तो तुमचा म्हातारा डिफेंडर बसवला म्हणे बाहेर. बरं झालं. तू बोंबलून मागतोस आणि तो देत नाही म्हणजे काय? जळत असेल मेला तुझ्यावर."

"तसं नाही, बाबा."

"मान वर कर. तसं नाही तर कसं?"

भिंगरीची मान पुन्हा खाली गेली. वडिलांनी हनुवटीला बोट लावून ती वर केली. समोर आरसा, आरशात तो स्वतः, आणि शेजारी चिकटवलेलं त्याचं कौतुक. डोळे मिटून घ्यावेत, तर बाकावर बसलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "लाजतोय बघा पोरगा. एवढं नाव झालं तरी पाय जमिनीवर आहेत."

"संस्कार आहेत," वडील म्हणाले आणि पुन्हा त्याची हनुवटी वर केली.

त्या खुर्चीत त्याने मनाशी ठरवलं. हुर्यो होऊ दे, बेंचवर बसवू दे, पण आता लपायचं नाही.

शेवटच्या मॅचच्या आदल्या दिवशी अण्णाच्या जागी घेतलेला डिफेंडर तापाने आडवा झाला आणि अण्णाला परत उतरवलं. भिंगरीच्या मनातलं ओझं अर्धं झालं. देवानेच संधी दिली म्हणायची.

पहिल्याच मिनिटात अण्णाच्या पायात बॉल आला. भिंगरीचे पाय सवयीने समोरच्यांच्या एका रुंद पाठीकडे निघाले. त्याने ते ओढून बाजूला काढले. मोकळा झाला. आजूबाजूला कुणी नाही, आणि छाती अशी धडधडतेय की बॉल आला तर पायाला लागेल की नाही याचाही भरवसा नाही. तरी तो ओरडला, "अण्णा, दे."

अण्णाने बॉल लांब भिरकावून दिला.

लोकांनी हुर्यो केली. पुन्हा बॉल आला, पुन्हा भिंगरी मोकळा, पुन्हा "दे", आणि पुन्हा बॉल त्याच्या डोक्यावरून गेला. मध्यंतरापर्यंत हेच चाललं. अण्णाचं नाव घेऊन लोक काय काय बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ड्रेसिंग रूममध्ये कोच अण्णावर तुटून पडला. "पोरगा एकटा उभा होता. एकटा! आंधळ्यालाही दिसला असता."

भिंगरी उभा राहिला. "सर, चूक माझी आहे. मी लपत होतो. आज नाही, इतके दिवस. समोरच्याच्या मागे उभा राहून बॉल मागायचो. अण्णा देणार कसा?"

कोचने त्याच्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. जवळ येऊन त्याने भिंगरीच्या पाठीवर थाप मारली.

"बघा रे, शिका काहीतरी. मोठ्याचं झाकायला हा पोरगा स्वतःच्या अंगावर घेतोय." मग अण्णाकडे वळून म्हणाला, "तू कपडे बदल. बस झालं."

"सर, खरंच सांगतो," भिंगरी म्हणाला, पण कोच दाराबाहेर पडला होता आणि बाकीचे त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. त्याला त्या कौतुकाची शिसारी आली.

तो अण्णाच्या शेजारी बसला. शेजारचीच खुंटी, अण्णानेच दिलेली. "अण्णा, आज मी खरंच मोकळा होतो."

"असशील," अण्णा म्हणाला. त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "मी तिकडे बघायचंच सोडलंय रे."

आणि तो गुडघ्याची पट्टी सोडायला लागला.