गंजीमागची बाई

अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात सुंदराबाई सात हंगाम रेच्यावर बसत होती. रेच्याच्या तोंडात कापूस भरवायचा. सरकी खाली गळते, रुई पुढं पडते. नवरा गेल्यापासून तिला आपलं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, शेजारच्या रेच्यावरची जैनबबी. दोघी एका डब्यातलं खायच्या, आणि एकीला ताप आला की दुसरी तिच्या वाट्याचं कामही ओढायची.

साठ सालच्या जानेवारीतला मंगळवार होता. दुपारी तीनच्या सुमारास मागच्या आवारातून पहारेकरी बुधाजी ओरडला, "कोन हाये वं तिकडं?" आणि पाठोपाठ कापसाच्या गंजीनं पेट घेतला. वारा नेमका जिनाकडं वाहत होता. छप्पर बसायच्या आत सुंदराबाई कशीबशी बाहेर पडली. जैनबबी आतच राहिली.

सांजेला तिला कबरस्तानात नेलं. सुंदराबाई खोलीत येऊन भिंतीला टेकली आणि रडता रडता तिचा डोळा लागला.

"सुंदरा, चाल वं! भोंगा झाला."

दारात जैनबबी उभी होती. अंगावर कालचंच लुगडं, हातात डबा. गल्लीत काल सकाळचीच म्हैस आडवी बसली होती आणि टांगेवाला तिला कालचीच शिवी हासडत होता. सुंदराबाईनं धावत जाऊन जैनबबीला घट्ट धरलं.

"अवं सोड, हाडं मोडशीन! काहून रडून राहिली?"

"आज कामावर जाऊ नोको, जैनब. तुले माया गळ्याची आन."

जैनबबी कुरकुर करत घरी राहिली. मुकादम डोमाजीनं तिच्या रेच्यावर पार्बताबाईला बसवलं. तीन वाजता बुधाजी ओरडला, गंजी पेटली आणि पार्बताबाई जळून गेली. तिची दोन लेकरं फाटकाशी आईला हाका मारत होती. सुंदराबाईला त्यांच्याकडं बघवेना.

पुढचा दिवस उजाडला तो पुन्हा मंगळवारच.

या खेपेला तिनं जाऊन डोमाजीला गाठलं. "मुकादम, आज तीन वाजता आग लागते. बायायले घरी धाडा."

"तुले कोनं सांगतलं?" डोमाजीचे डोळे बारीक झाले. "का तूच लावनार हायेस?"

त्यानं तिला फाटकाबाहेर काढलं. पण तिला चैन पडेना. गंजी पेटते कशानं, एवढं एकदा कळलं पाहिजे, असं तिनं मनाशी धरलं. दुपारी मागच्या पडक्या कुंपणातून ती आत शिरली आणि गंजीमागं दबा धरून बसली. कुठं निखारा नव्हता, धूर नव्हता. तेवढ्यात बुधाजी फिरत आला. तोंडात विडी. गंजीमागं लुगडं हललेलं त्यानं पाहिलं.

"कोन हाये वं तिकडं?"

तिला धरायला त्यानं विडी फेकली आणि तो धावला. विडी कापसात पडली.

सुंदराबाईला सगळं लख्ख कळलं. पहिल्या दिवशीही गंजीमागं तीच होती. आग शोधायला आली म्हणून आग लागली, आणि आग लागली म्हणून ती शोधायला आली. याला सुरुवात कुठली? विचार करायला वेळ नव्हता. ज्वाळांनी तिला चारी बाजूंनी कोंडलं. श्वास छातीतच अडकला.

"सुंदरा, चाल वं! भोंगा झाला."

चौथ्या दिवशी ती कुणाला काही बोलली नाही. आपण गंजीकडं गेलोच नाही तर बुधाजी ओरडणार कुणावर, या भरवशावर ती रेच्यावर बसली. दुपारी हातातला कापूस घामानं भिजत होता.

तीन वाजले.

"कोन हाये वं तिकडं?"

सुंदराबाई उठली. खिडकीतून तिला गंजीमागं पाठमोरी बाई दिसली. खांदे आवळून बसलेली. ते खांदे कुणाचे हे तिला विचारावं लागलं नाही. एका बाजूला गंजी, दुसऱ्या बाजूला रेच्यावरच्या चाळीस बाया. क्षणभर तिचा पाय गंजीकडं वळला. मग ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "आग लागली वं! पळा!" आणि जैनबबीचा हात धरून दाराकडं धावली.

गंजी पेटली तेव्हा बाया अंगणात आल्या होत्या. डोमाजीनं हजेरी घेतली. कुणीच कमी नव्हतं. तरीही विझलेल्या राखेत एका बाईचं प्रेत निघालं.

दुसऱ्या दिवशी बुधवार उजाडला. पोलिसांनी ओळख पटवायला बायांना बोलावलं. चेहरा उरला नव्हता. डाव्या मनगटावर मात्र गोंदलेला विंचू शाबूत होता, नांगी अर्धवट. लहानपणी वलगावच्या बाजारात गोंदवताना सुई टोचली म्हणून सुंदराबाईनं हात ओढून घेतला होता, तेव्हा ती नांगी तशीच राहिली होती.

"वळखता का, बाई?" जमादारानं विचारलं.

सुंदराबाईनं डावा हात पदराखाली घेतला. "नाई, सायेब. पन हिले कोनी नसन, तं मी माती देतो."

वस्तीतली चार माणसं आली. खड्ड्यात पहिली मूठ टाकून तिनं त्रिशरण म्हटलं. तिसऱ्या ओळीला ती रडायला लागली. जैनबबी बाजूला उभी होती. परतताना तिनं विचारलं, "तुही कोन होती वं ते?"

"कोनी नाई."

"मंग एवढी काहून रडली?"

गंजीमागच्या बाईला कुणी वाचवायला गेलं नव्हतं, आणि न जाणारी आपणच होतो, हे सुंदराबाई कुणाला सांगणार?

त्याच आठवड्यात ती वलगावला भावाकडं, चंद्रभानकडं, राहायला गेली आणि परक्यांच्या तुरीत, ज्वारीत मजुरी करू लागली. कापूस वेचायला मात्र कितीही बोलावलं तरी गेली नाही. पुढच्या दिवाळीनंतर जैनबबी मुद्दाम अकोल्याहून वलगावला तिला भेटायला आली. जिन नव्यानं सुरू झालं होतं, बायांची भरती चालू होती.

"चाल ना. तुह्याशिवाय मले तिथं करमत नाई."

"तू बी जाऊ नोको."

"आन खाऊ काय?"

सुंदराबाईनं भाकरी वाढल्या. दोघी एका ताटात जेवल्या. उन्हं कलल्यावर जैनबबी मोटारीनं गेली. सोमवारी ती रेच्यावर बसली, असं नंतर कळलं.